लिंबू पिळलं म्हणजे मासा शिजला?

सेविचेवर टीका म्हणजे पेरूवर टीका, असं लिमातल्या माणसाला वाटतं आणि त्यात त्याचं फार चुकत नाही. कच्च्या समुद्री माशाचे तुकडे, लिंबाचा रस, कांदा, मिरची, मीठ. २०२३ साली युनेस्कोने हा पदार्थ सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतला. वारशाबद्दल तक्रार नाही. त्याच्या बचावासाठी जे सांगितलं जातं, त्याबद्दल आहे.

म्हणे लिंबाने मासा शिजतो. आम्लाने प्रथिनं गोठतात, पारदर्शक तुकडा बघता बघता पांढरा आणि घट्ट होतो; शिजल्यासारखा दिसतो, इतकंच. आत वेटोळं घालून बसलेली पॅसिफिक पट्टकृमीची अळी दहा-पंधरा मिनिटांच्या या आंबट आंघोळीने मरत नाही. तिचं खरं घर समुद्रसिंहाचं आतडं. माणूस मध्ये आला, तर त्याच्याही पोटात ती काही मीटर वाढते.

म्हणे पूर्वज हजारो वर्षं कच्चा मासा खात आले, त्यांना कुठे काय झालं? झालं होतं की! पेरू-चिलीच्या किनाऱ्यावर उत्खननात मिळालेल्या प्राचीन विष्ठेत याच कृमीची अंडी सापडली आहेत. परंपरेचा साक्षीदारच उलटला.

तिसरं म्हणणं मात्र आपल्याही जिभेवरचं आहे: मासा ताजा असला की भीती नाही. कल्ले उघडून लालभडक दिसल्याशिवाय आपण कोळणीशी भावही करत नाही. पण कल्ल्यांवरून मासा कुजलेला नाही एवढंच कळतं. कृमी कुजण्यातून येत नाही. मासा पोहत होता तेव्हापासून ती आत असते, आणि नुसत्या बर्फात तगून राहते. स्पेनमध्ये या कृमीचे रुग्ण आढळले, तेव्हा संशय बर्फात घालून आणलेल्या माशावरच गेला.

मग मासेच सोडा, असं सांगणारे उत्साही लोक आहेतच. त्यांचंही ऐकू नये. रटरटलेल्या कालवणात ही अळी टिकत नाही. आतपर्यंत ६३ अंश सेल्सिअस उष्णता पोचली की पुरे. लागण झालीच, तर प्राझिक्वान्टेलची एक मात्रा बहुधा काम भागवते.

ज्याला कच्चाच खायचा आहे, त्याने तो आधी गोठवावा: उणे २० अंशांवर सात दिवस, असं अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन सांगतं. घरच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यावर मात्र भरवसा नको, तो तितका थंड असेलच असं नाही. गोठवलेला म्हणजे शिळा, हा आपला जुना हेका इथे आडवा येतो. चव थोडी उतरेल, हे कबूल. तेवढी उतरू द्यावी, असं मला वाटतं. लिमातल्या आचाऱ्याला ते पटणार नाही.