नवरा-बायको : एक की दोन?

सरकारचं हे गणित एकदा नीट मांडून बघा.

फेब्रुवारी 2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पानं नव्या कररचनेत वर्षाला 12 लाखांपर्यंतची कमाई करमुक्त केली. त्यात नवरा वेगळा, बायको वेगळी. दोघं कमावती असली तर एका घरात 24 लाख मोकळे.

आता इंदापूरच्या वस्तीत या. 2024 साली श्रावणबाळ योजनेचे महिना 1500 मागणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याला अट होती : अख्ख्या कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 21 हजारांच्या आत. म्हणजे महिन्याला 1750, सगळ्या घराचं मिळून! कर माफ करताना दोन माणसं. गरिबी मोजताना एक चूल.

त्याच वर्षी लाडक्या बहिणीला कुटुंबाचे अडीच लाख चालले. पण 65 ओलांडली की तीच बाई 21 हजारांच्या दाखल्यासाठी तलाठ्याच्या दारात.

नोव्हेंबर 2024 च्या प्रचारात महायुतीनं लाडक्या बहिणीला आणि वृद्ध पेन्शनवाल्यांना 2100 कबूल केले. बारामती-इंदापूरनं महायुतीचेच आमदार दिले. बारामतीचे अजित पवार अर्थमंत्री झाले. मार्च 2025 च्या त्यांच्या अर्थसंकल्पात ते 2100 नव्हते.

वर आम्हालाच फुकटे म्हणतात, आयकर भरत नाही म्हणून. मग साबणावर, चहापुडीवर जीएसटी कोण भरतं? तिथं कुणी उत्पन्नाचा दाखला मागत नाही.

पुढच्या वेळी कुणी माईक घेऊन वस्तीत आला, तर एवढंच विचारा : आमची म्हातारी माणसं माणशी मोजणार, की चुलीवर?