विश्लेषण : सर्व्हरचा ‘सिंक’ बंद केला तर बिघडते कुठे?

मे महिन्यातली संध्याकाळ, वळिवाचा पाऊस आणि गेलेली वीज सोलापूरकरांना नवी नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेल कारखाना असो वा शहरातील रुग्णालय, हिशेब आणि नोंदी आता अनेक ठिकाणी स्वतःच्या स्टोरेज सर्व्हरवर असतात. सर्व्हर संथ चालतो अशी तक्रार आली की एक सोपा उपाय केला जातो : ‘सिंक डिसेबल्ड’. वेग लगेच वाढतो. त्याची किंमत वीज गेल्यावर कळते.

सिंक राइट म्हणजे काय?

संगणक एरवी नोंद आधी रॅममध्ये ठेवतो आणि सवडीने डिस्कवर उतरवतो. वीज जाताच रॅम कोरी होते. म्हणून डेटाबेस महत्त्वाच्या नोंदीनंतर थांबतो आणि ‘डिस्कवर पोहोचले का?’ असे विचारतो. होकार आला तरच ‘पैसे जमा’ असे दाखवतो. सिंक बंद केल्यावर सर्व्हर टपाल न पोहोचवताच पोचपावतीवर सही करून मोकळा होतो.

मग वेग का वाढतो?

मिनिटाला ७२०० फेरे घेणारी हार्ड डिस्क सेकंदाला १२० फेरे घेते. प्रत्येक नोंदीसाठी थांबायचे तर सेकंदाला शे-सव्वाशेच्या पुढे जाणे कठीण. रॅममध्ये ही वाट पाहावी लागत नाही.

‘जास्तीत जास्त पाच सेकंद जातील’ हे खरे का?

अर्धे खरे. ‘झेडएफएस’ ही लोकप्रिय फाइल सिस्टीम साधारण दर ५ सेकंदांनी साठलेल्या नोंदी डिस्कवर उतरवते. जुन्या माहितीवर ती थेट लिहीत नाही, त्यामुळे सिंक बंद असताना वीज गेली तरी ती स्वतः शाबूत राहते. पण तिच्यावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरचे काय? समजा, ग्राहकाने ऑनलाइन पैसे भरले, पावती छापली आणि तेवढ्यात सर्व्हर बंद पडला. सर्व्हर सुरू होतो तेव्हा ती नोंदच नसते आणि तोच बिल क्रमांक पुढच्या ग्राहकाला मिळतो.

याहून वाईट प्रकार व्हर्च्युअल मशीनचा. बिलिंग एका यंत्रावर चालते, डिस्क दुसऱ्या यंत्रात असते. स्टोरेजचे यंत्र कोसळून दोन मिनिटांत परत सुरू होते. बिलिंगचे यंत्र मात्र चालूच असते. त्याच्या लेखी सगळे लिहून झालेले, प्रत्यक्षात डिस्क काही सेकंद मागे गेलेली. त्यावर नव्या नोंदी चढत जातात आणि आतली रचना मोडते. हे कित्येकदा काही दिवसांनी लक्षात येते. तोवर बॅकअपमध्येही तोच दोष उतरलेला असतो.

यूपीएस आहे ना?

यूपीएस फक्त वीज सांभाळते. ऑपरेटिंग सिस्टीम कोसळली, पॉवर सप्लाय जळाला किंवा कोणी चुकून केबल ओढली, तर तिचा उपयोग नाही. शिवाय सोलापूरच्या उन्हाळ्यात तिच्या बॅटऱ्या लवकर दम सोडतात. योगायोग असा, की वीजक्षेत्रात ‘सिंक्रोनस’ शब्द सोलापूरशी जोडलेला आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचे ग्रिड उर्वरित देशाशी सिंक्रोनस जोडले गेले. एवढे जाळे असूनही १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेलीच.

मार्ग कोणता?

वेग हवाच असेल तर सिंक नोंदींसाठी वेगळी, छोटी एसएसडी बसवता येते. वीज गेल्यावरही हातातले लिखाण पूर्ण करणारे कपॅसिटर तिच्यात हवेत. घरगुती वापराच्या स्वस्त एसएसडीत ते बहुधा नसतात. सीसीटीव्ही चित्रण किंवा तात्पुरत्या फायलींपुरता सिंक बंद ठेवायला हरकत नाही. हिशेबासाठी मात्र नाही. झेडएफएसमध्ये ही सेटिंग प्रत्येक डेटासेटसाठी वेगळी ठेवता येते. ती ‘डिसेबल्ड’ दिसली तर ‘स्टँडर्ड’ करण्यासाठी सर्व्हर बंद करावा लागत नाही. बदल चालू सर्व्हरवर लगेच लागू होतो.