कचारगडचे तीर्थ आणि आपला हिशेब

माघ पौर्णिमा जवळ आली की हावडा-मुंबई लोहमार्गावरील दरेकसा या एरवी निवांत असणाऱ्या स्थानकावर पिवळे फेटे उतरू लागतात. मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा आणि आपल्या विदर्भातील गोंड कुटुंबे तांदळाची गाठोडी, भांडीकुंडी व लेकरेबाळे घेऊन धनेगावची वाट धरतात आणि तेथून जंगलातील चढण चढून कचारगडच्या गुहेपर्यंत जातात. 'जय सेवा' हा त्यांचा परस्परांना नमस्कार. याच लोहमार्गावर थोडे पुढे डोंगरगड लागते. तेथील बम्लेश्वरीचे देऊळ, तेथला रज्जुमार्ग, नवरात्रातील गर्दी कोणाला समजावून सांगावी लागत नाही. कचारगड मात्र गोंदिया जिल्ह्यातल्याच अनेक सुशिक्षितांना 'आदिवासींची जत्रा' यापलीकडे ठाऊक नसते, आणि प्रस्तुत लेखकही काही वर्षांपूर्वीपर्यंत त्यांतच जमा होता.

यात्रेत सांगितली जाणारी कथा अशी. कली कंकालीची तेहतीस मुले या गुहेत कोंडली गेली व दारावर प्रचंड शिळा लोटली गेली. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी त्यांच्या सुटकेचा ध्यास घेतला. परंतु शिळा हलली ती हिरासुका पाटालीर या वादकामुळे. त्याच्या किंगरीच्या सुरांनी आतील मुलांच्या अंगी बळ आले, त्यांनी जोर लावला, शिळा गडगडली आणि तिच्याखाली तो वादकच चिरडला गेला. सुटलेल्या मुलांना लिंगोने धर्म शिकविला, चार, पाच, सहा व सात देवांच्या सगांमध्ये त्यांची वाटणी केली. गोंडांचे विवाहसंबंध आजही याच वाटणीने ठरतात. येथे येणारा यात्रेकरू नवस फेडण्यापुरता येत नाही. आपण कोण, आपले कूळ कोणते, सोयरीक कोठे होऊ शकते, याचा मूळ दाखला येथे आहे अशी त्याची श्रद्धा आहे. ज्या समाजाच्या राजवटी गढामंडला, देवगड, चांदा येथे नांदल्या आणि ज्याच्या शाळेतील पुस्तकांत त्यांच्या वाट्याला जेमतेम काही ओळी आल्या, त्याने आपला इतिहास गुहेत आणि गाण्यात जपून ठेवावा हे साहजिक आहे.

ही कथा काल-परवाची नाही. नागपूरच्या ज्या महाविद्यालयास स्टीफन हिस्लॉप यांचे नाव आहे, त्या मिशनऱ्यानेच लिंगोचे दीर्घ गीत टिपून ठेवले होते. 1863 मध्ये त्यांचा बुडून मृत्यू झाला आणि 1866 मध्ये रिचर्ड टेंपल यांनी त्यांचे कागद प्रसिद्ध केले. त्या गीतात महादेव गोंडांना गुहेत कोंडतो व लिंगो त्यांना सोडवितो. त्यात 'काचीकोपा लोहागड' असे स्थळनाम येते. हे स्थळ म्हणजेच कचारगड, असे अनेक गोंड अभ्यासक मानतात. याउलट कॅप्टन फोर्सिथ यांच्या 1871 च्या पुस्तकात तेच गीत पचमढीच्या महादेव डोंगरांच्या संगतीने येते. गीतातील स्थळाचा पक्का निकाल केवळ नामसादृश्यावरून लागेल असे आम्हांस वाटत नाही. आशिया खंडातील सर्वांत मोठी नैसर्गिक गुहा ही कचारगडची जाहिरात तर सोडूनच द्यावी. व्हिएतनाममधील सोन डूंग जगाला ठाऊक आहे, आणि असल्या बिरुदांवाचून कचारगडचे काही अडत नाही.

यात्रेचे आजचे संघटित रूप 1980 च्या दशकातले. रिझर्व्ह बँकेतील नोकरी सांभाळून गोंडी भाषा व धर्म यांवर ग्रंथ लिहिणारे नागपूरचे मोतीरावण कंगाली (1949-2015) आणि त्यांचे मूठभर सहकारी यांनी हे स्थान समाजापुढे पुन्हा ठेवले. यावर काही विद्वान नाक मुरडतात. म्हणतात, ही तर अलीकडे घडविलेली परंपरा. मग ज्ञानोबांच्या पालखीला आजची शिस्त हैबतबाबांनी एकोणिसाव्या शतकात लावली, त्यामुळे वारी कृत्रिम ठरते काय? नागपूरची दीक्षाभूमी तर 14 ऑक्टोबर 1956 या एका दिवसाने तीर्थ झाली. तीर्थाचे वय दगडावरून मोजावे, की तेथे चालत येणाऱ्या पायांवरून, हा प्रश्न गोंडांनाच तेवढा विचारला जातो.

आता हिशेबाकडे वळू. पर्यटनविकास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर पायऱ्या, विश्रामगृह, वाहनतळ आणि कदाचित रज्जुमार्गही येतो. कचारगडचा यात्रेकरू शिधा घरून आणतो, झाडाखाली चूल मांडतो, उघड्यावर निजतो. त्याच्या खर्चावर उपाहारगृहे उभी राहणार नाहीत. ती उभी राहतील ती वर्षाच्या उरलेल्या दिवसांत सहलीला येणाऱ्यांच्या जिवावर. म्हणजे भांडवल गुंतेल एकासाठी, आणि तीर्थ वापरले जाईल दुसऱ्याचे. मिळकत कंत्राटदाराची आणि केरकचरा धनेगावचा, हा अनुभव आपल्या अनेक थंड हवेच्या ठिकाणांनी यापूर्वी घेतला आहे. यात्रेकरूंना पाणी, शौचालये, दवाखाना व थांबणाऱ्या गाड्या हव्यात याविषयी दुमत नाही. परंतु गुहेत सिमेंट किती घालावे, दिवे कोठे लावावेत, तिकीट असावे की नाही, हे कोणी ठरवायचे?

येथे कायद्याची एक विचित्र गाठ आहे. ग्रामसभेला आपल्या रूढी व सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकार देणारा 1996 चा पेसा कायदा अनुसूचित क्षेत्रांपुरताच आहे. शेजारच्या गडचिरोलीत असे क्षेत्र आहे. गोंदिया जिल्हा त्या यादीत नाही. म्हणजे गोंडांचे हे तीर्थ नेमके त्या संरक्षणाच्या बाहेर पडले आहे. उरतो 2006 चा वनहक्क कायदा. त्याच्या पाचव्या कलमाने वनवासी समाजाच्या सांस्कृतिक व नैसर्गिक वारशाची राखण ग्रामसभेकडे सोपविली आहे. ओडिशातील नियमगिरीच्या बाबतीत 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न ग्रामसभांपुढे नेला आणि बाराही ग्रामसभांनी खाणीस नकार दिला. तेथे वाद बॉक्साइटचा होता, येथे तो पर्यटनाचा होऊ शकतो. तत्त्व तेच लागू पडते. कचारगडची कोणतीही योजना आखण्यापूर्वी परिसरातील ग्रामसभा व यात्रेचे आयोजक यांची लेखी संमती घ्यावी, आणि गुहेपर्यंतचा शेवटचा टप्पा बांधकामाविना ठेवावा, असे आमचे मत आहे. याने थोडा महसूल बुडेल. तो बुडावा.

दुसरी एक गोष्ट पैशाने होणारी नाही. 2011 च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे सुमारे 29 लाख 84 हजार होते, तरी ही भाषा आठव्या परिशिष्टात नाही. 2003 च्या घटनादुरुस्तीने संथाळी व बोडो तेथे गेल्या. किंगरीवर लिंगोची कथा गाणारे परधान थोडे उरले आहेत आणि जे आहेत ते वृद्ध होत आहेत. हिस्लॉप यांना जे गीत हाती लिहून घ्यावे लागले, ते आज प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशातील यंत्रावर जसेच्या तसे उतरविता येते. पूर्व विदर्भातील महाविद्यालयांनी यात्रेच्या पाच दिवसांत आपले मराठीचे व इतिहासाचे विद्यार्थी, गायकांची परवानगी आणि त्यांची योग्य बिदागी देऊन, धनेगावला पाठवावेत. दरेकसापर्यंतचे भाडे फारसे नाही.