छायाचित्रण : यंत्र कीं नजर?

या विषयावर मुलांस कांहीं सांगण्यापूर्वीं आमच्याच हातून घडलेली चूक सांगणें आम्हांस उचित वाटतें. कांहीं वर्षांमागें दहावीच्या वर्गाचा निरोप-समारंभ होता. आम्हीं मोठ्या हौसेनें मुलांस ओसरीच्या कडेला उभें केलें, स्वतः आंतल्या बाजूस राहिलों व कळ दाबली. कांहीं दिवसांनीं एक माउली चित्राची प्रत घेऊन आली व म्हणाली, "गुरुजी, ह्यात माझं लेकरू कोणतं हो?" मुलांच्या मागचें अंगण लख्ख आलें होतें, मुलांचीं तोंडें मात्र काळीं. तिचा मुलगा तोंवर पुण्यास कामाला गेला होता. तो वर्ग पुन्हां एकत्र येणार नव्हता.

दोष यंत्राचा नव्हता. मनुष्याचा डोळा ऊन व सावली दोन्ही सांभाळून घेतो. कॅमेऱ्यास तें तितकें साधत नाहीं. मागें प्रखर उजेड असला कीं तो त्याच्या मापानें प्रकाश आंत घेतो व पुढचें माणूस काळवंडतें. आम्ही अंगणांत उतरून मुलांस आमच्याकडे तोंड करावयास सांगितलें असतें, तर दहा पावलांत काम झालें असतें.

तेव्हांपासून आम्हीं एक वही घातली. बिघडलेलें प्रत्येक चित्र, त्याची वेळ, जागा व दोष तींत लिहूं लागलों. आमच्या मुरुडास उन्हाळ्यांत दुपारचें ऊन डोक्यावरून उतरतें व डोळ्यांच्या खोबणींत सावली पाडतें. सकाळचें तिरपें ऊन चेहरा उजळतें. खिशांतली धूळ भिंगावर बसली कीं सारें चित्र धूसर होतें. हें सारें त्या वहीनें शिकविलें.

मुलें म्हणतील, आतां फोनमध्यें चित्र फुकट निघतें. एक बिघडलें तर शंभर काढावींत! यांत तथ्य आहे. गरिबाच्या मुलासही आज सराव करतां येतो, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु शंभर चित्रें काढून एकही पुन्हां न पाहणारा एकच चूक शंभर वेळां करतो.

1948 पर्यंत मुरुड ज्या निजामी राज्यांत होतें, तेथील दरबारी छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांचें उदाहरण घ्या. मूळचे ते इंदुरास बांधकाम खात्यांत आराखडे काढणारे नोकर. छायाचित्रण त्यांनीं 1874 च्या सुमारास केवळ हौस म्हणून आरंभिलें. त्या काळीं कांचेवर लेप चढवून तो ओला असतांनाच चित्र घ्यावें व धुवावें लागे. म्हणून भिंगाचें झांकण काढण्यापूर्वींच सारा विचार करणें भाग होतें. दादासाहेब फाळके यांनीं तर 1912 सालीं वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपण्यासाठीं कुंडीपुढें कॅमेरा मांडून सुमारें महिनाभर धीर धरला.

तो धीर यंत्राबरोबर विकत मिळत नाहीं. तो घरींच लावावा लागतो. पालकांनीं आठवड्यांतून एक तास मुलाजवळ बसून त्याचीं चित्रें पाहावींत. त्यांतील एकच निवडावें, व तें कां निवडलें हें मुलानें स्वतःच्या शब्दांत सांगावें. एवढीच आमची सूचना आहे.

आमच्या वहीचें पहिलें पान त्या ओसरीचें आहे. निरोपाच्या दिवशीं आम्ही तें दर वर्षीं उघडून पाहतों, आणि मग अंगणांत उतरतों.