फोनवरचा पायथन मध्येच का मरतो?

टर्मक्समध्ये पायथन शिकणाऱ्यांना ही ओळ ओळखीची असेल: 'प्रोसेस कम्प्लीटेड (सिग्नल ९)'. कोड बरोबर, फाइल सेव्ह केलेली, तरी अख्खं सेशन बंद. मीही आधी स्वतःच्याच कोडमध्ये चूक शोधत बसलो होतो. पण प्रोसेस अँड्रॉइडनेच मारली होती.

आधी एडिटर काय करतो ते पाहू. व्हिममध्ये कोलन, उद्गारचिन्ह, पायथन ३ आणि टक्क्याचं चिन्ह टाइप केलं की समोरची फाइल चालते (टक्का म्हणजे चालू फाइलचं नाव). इथे व्हिम स्वतः पायथन चालवत नाही, तो एक वेगळी प्रोसेस सुरू करतो. हीच सबप्रोसेस. तिचं आउटपुट स्क्रीनवर येतं आणि संपताना ती एक आकडा परत देते: शून्य म्हणजे ठीक, बाकी काहीही म्हणजे गडबड. स्क्रिप्ट क्रॅश झाली तरी एडिटर शाबूत राहतो, हा यातला खरा फायदा. ऑटोकम्प्लीट हवं असेल तर लँग्वेज सर्व्हर नावाची आणखी एक प्रोसेस लागते, आणि ती सतत चालू राहते.

अँड्रॉइडला नेमकं हेच खटकतं. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून, नव्या नियमांनुसार बनवलेल्या अ‍ॅपला स्वतःच्या फोल्डरमध्ये उतरवलेला प्रोग्राम थेट चालवता येत नाही. म्हणूनच टर्मक्सला प्ले स्टोअरवर बराच काळ अपडेट मिळाले नाहीत आणि लोक एफ-ड्रॉइडकडे वळले. अँड्रॉइड १२ ने पुढचा घाव घातला: अ‍ॅप्सनी सुरू केलेल्या अशा प्रोसेस सगळ्या फोनमध्ये मिळून ३२. त्यापलीकडे गेलं की छाटणी.

मालवेअर आणि बॅटरीचं कारण मला पटतं. पण ज्याच्याकडे लॅपटॉप नाही, त्याच्यासाठी फोन हाच कॉम्प्युटर आहे, आणि त्याला न विचारता त्याचं काम मारणं मला पटत नाही. अँड्रॉइड १४ मध्ये डेव्हलपर ऑप्शन्सखाली चाइल्ड प्रोसेसवरचं बंधन काढायचं बटण आलं. मार्च २०२५ मध्ये पिक्सेलवर डेबियन चालवणारं लिनक्स टर्मिनलही आलं, पण स्वस्त फोनवाल्याला त्याचा काय उपयोग?

जुन्या फोनवर असाल तर लँग्वेज सर्व्हर बंद ठेवा, जादा सेशन उघडू नका आणि स्क्रिप्ट चालवण्याआधी फाइल सेव्ह करा.