मुंबई-लंडन 7,200 किमी, मग विमानाला दहा तास का लागतात?

मीरा रोड-भाईंदरमध्ये नातेवाईक परदेशात असलेली घरं कमी नाहीत. तिकीट काढायच्या आधी फोनवर पहिला सर्च ठरलेला असतो: ‘मुंबई ते लंडन किती तास?’ अंतर मोजणारी एखादी साइट सांगते, सुमारे 7,200 किमी, साडेआठ तास. तिकिटावर मात्र दहा तासांच्या आसपास वेळ दिसतो. मग चुकतंय कोण? खरं तर कुणीच नाही. दोघं वेगवेगळ्या गोष्टी मोजतात.

साइट काय मोजते?

साइटकडे प्रत्येक विमानतळाचे अक्षांश-रेखांश असतात. त्यावरून ती गोल पृथ्वीवरचा सर्वात जवळचा मार्ग काढते. सपाट नकाशावर हाच मार्ग वाकडा दिसतो. मग त्या अंतराला ताशी 850 किमीसारख्या ठरावीक वेगाने भागलं की ‘फ्लाइट टाइम’ तयार! यात वारा नाही, रनवेची रांग नाही आणि देशांच्या सीमाही नाहीत.

आकाशालाही गेट असतं

पहलगाम हल्ल्यानंतर 24 एप्रिल 2025 रोजी पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांसाठी आपली हवाई हद्द बंद केली. पुढे ही बंदी महिन्या-महिन्याने वाढत गेली. सर्वात जास्त फटका दिल्लीहून निघणाऱ्या विमानांना बसला. दिल्ली ते ताश्कंद हे सरळ अंतर जेमतेम 1,600 किमी, म्हणजे साधारण दिल्ली-बेंगळुरूएवढं. तरीही इंडिगोला ही सेवा थांबवावी लागली, कारण वळसा घालून तिथे पोहोचायला तिच्या लहान विमानांची रेंज पुरेना. एअर इंडियाने 1 सप्टेंबर 2025 पासून दिल्ली-वॉशिंग्टन सेवा बंद केली. विमानांची कमतरता आणि हा लांबलेला मार्ग, ही दोन्ही कारणं कंपनीने दिली होती.

अंतर मोजणाऱ्या साइटवर मात्र या काळात एक किलोमीटरही बदलला नाही. शिवाय बंदी फक्त भारतीय कंपन्यांना आहे. त्यामुळे त्याच दोन शहरांमध्ये परदेशी कंपनीचं विमान वेगळ्या मार्गाने, कमी वेळात जाऊ शकतं.

जाताना जास्त, येताना कमी

उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. लंडनला जाताना हे वारे समोरून येतात, परतताना पाठीमागून ढकलतात. म्हणून परतीच्या प्रवासाला साधारण तासभर कमी लागतो.

मग बुकिंग करताना काय बघायचं?

पहिलं, तिकिटावरचा ‘ड्युरेशन’. निघायची आणि पोहोचायची वेळ त्या-त्या ठिकाणची असते, त्यामुळे नुसती वजाबाकी करू नका. लंडनचं घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेचार, हिवाळ्यात साडेपाच तास मागे असतं.

दुसरं, फ्लाइट नंबर फ्लाइटरडार24 वर टाका. गेल्या काही दिवसांत ते विमान खरोखर किती वाजता पोहोचलं, ते दिसेल. पुढची कनेक्टिंग फ्लाइट त्या हिशोबाने निवडा.

तिसरं, विमानतळाचा कोड. 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबई विमानतळही सुरू झालाय. त्याचा कोड एनएमआय, तर आपल्या नेहमीच्या मुंबई विमानतळाचा बीओएम. पहिली फ्लाइट एकीकडे उतरणारी आणि दुसरी दुसरीकडून सुटणारी असेल, तर मधला रस्ता आणि ट्रॅफिक तुमच्या माथी. मीरा रोडहून निघणाऱ्यांसाठी तर एक विमानतळ हायवेने सरळ खाली आणि दुसरा पार खाडीपलीकडे. पैसे भरायच्या आधी हा कोड एकदा नीट वाचाच.