४ जानेवारीची हजेरी

बीड जिल्ह्यातील बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात धारूर, वडवणी, शिरूर कासार किंवा पाटोदा तालुक्यातील कोणत्याही लहान गावी डिसेंबर-जानेवारीच्या एखाद्या साध्या दिवशी सकाळी जावे आणि जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेच्या अंगणात उभे राहावे. रानात ज्वारी हुरड्याला आलेली असते, हवेत बोचरा गारवा असतो. परिपाठ होतो, प्रतिज्ञा म्हटली जाते आणि गुरुजी मुलांना उन्हात ओळीने बसवतात. वर्गातील फळ्याच्या कोपऱ्यात नित्याप्रमाणे दोन आकडे लिहिलेले असतात : पट आणि हजर. पावसाळ्यात हे दोन आकडे एकमेकांच्या जवळपास असतात, थंडीत त्यांच्यात मोठी दरी पडते. मुले आजारी नसतात, गावात जत्राही नसते, आणि तरीही कोणाला आश्चर्य वाटत नाही. न आलेली मुले कुठे आहेत, असा प्रश्न कोणी विचारीत नाही, कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक असते. मुले 'कारखान्याला' गेलेली असतात.

दसरा-दिवाळीनंतर या जिल्ह्यातून लाखो माणसे ऊसतोडीसाठी बाहेर पडतात. कोणी कोल्हापूर-सांगलीकडे, कोणी पुणे, सोलापूर, अहिल्यानगरकडे, तर कोणी सीमा ओलांडून कर्नाटकात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' होतो, एकट्या माणसाला 'अर्धा कोयता' म्हणतात. या हिशेबात मुलाला जागा नाही, पण कामात मात्र आहे. पाचटाच्या कोपीत धाकट्या भावंडाला सांभाळणे, पाणी आणणे, वाढ्यांच्या पेंढ्या बांधणे ही कामे सात-आठ वर्षांच्या मुलामुलींच्या वाट्याला येतात, त्यांतही मुलींच्या अधिक. ही मुले परततात ती चैत्र-वैशाखाच्या उन्हात, म्हणजे शाळेचे वर्ष संपत आलेले असताना.

येथे हजेरीच्या दोन वह्यांची तुलना करून पाहण्यासारखी आहे. फडावरील एका दिवसाच्या गैरहजेरीला 'खाडा' म्हणतात आणि त्याचे पैसे मजुराच्या नावावर चढतात. आई तापाने फणफणली तरी खाडा माफ होत नाही. उलट त्याच आईच्या मुलाची शाळेतील सहा-सहा महिन्यांची गैरहजेरी कोणाच्याच नावावर चढत नाही. ती कारखान्याला भरावी लागत नाही, मुकादमाला नाही आणि शासनालाही नाही. ती केवळ त्या मुलाच्या नावावर चढते आणि आयुष्यभर वसूल होत राहते. ज्या समाजात मजुराचा एक दिवस मोजला जातो आणि मुलाचे अर्धे वर्ष मोजले जात नाही, त्याने शिक्षण हा हक्क असल्याचे सांगावे तरी कोणत्या तोंडाने?

आता कोणी म्हणेल, शासन तर मुले मोजतेच. होय, मोजते, पण कधी? शिक्षकांची पदे ठरवणारी संचमान्यता पाहते ती ३० सप्टेंबरचा पट. त्या दिवशी टोळ्या अजून हाललेल्या नसतात आणि मुले गावात असतात. २०११ साली राज्यभर पटपडताळणीची मोठी मोहीम झाली. महसुलासह अनेक खात्यांची यंत्रणा एकाच वेळी शाळांवर पोहोचली, मुलांच्या बोटांना शाई लावून मोजणी झाली. ती मोहीम योग्यच होती, कारण बनावट पट दाखवून अनुदान लाटणाऱ्यांना तिने उघडे पाडले. परंतु ती ३ ते ५ ऑक्टोबर या तीन दिवसांत झाली आणि त्या वर्षीचा दसरा ६ ऑक्टोबरला होता! पटावर असून शाळेत कधीच नसलेली मुले तिने शोधली. चार दिवसांनी, चार आठवड्यांनी शाळेतून नाहीशी होणारी खरी मुले मात्र तिच्या कक्षेबाहेर राहिली. हा कोणाचा कट होता असे मला म्हणायचे नाही. पण व्यवस्थेची नजर कुठे आणि केव्हा वळते, हे त्यावरून कळते.

कायद्याची उणीव आहे असेही नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निदान बारा वर्षांपर्यंत तरी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा हक्क मान्य होऊन तो १ एप्रिल २०१० पासून अमलात येईपर्यंत सव्वाशेहून अधिक वर्षे गेली. त्या कायद्याच्या नवव्या कलमात स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळेल याची काळजी घेणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे. कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा निघाल्या. गावात मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे आली. जाणाऱ्या मुलाच्या हाती शिक्षण हमी पत्रक देण्याची योजना झाली. २०२१ साली संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजनाही आली. या प्रयत्नांमागील कळकळ नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. हंगामी वसतिगृहामुळे अनेक मुले आजी-आजोबांजवळ राहून शिकली आहेत. तथापि वसतिगृहाच्या मंजुरीचा कागद टोळी गेल्यावर हाती पडला, असे अनेकदा घडले आहे. आईच्या मागे गाडीत बसून गेलेले मूल कागद आला म्हणून परत येत नाही. दरवर्षी मंत्र्यांची समिती बसते आणि गाळप कोणत्या तारखेला सुरू होणार हे ठरवते. उसासाठी जी तारीख ठरू शकते, ती मुलासाठी का ठरू शकत नाही?

पालक अडाणी आहेत, त्यांनाच शिक्षणाची किंमत नाही, हा युक्तिवाद शहरातील दिवाणखान्यांत फार ऐकू येतो. तो चहाच्या पेल्याबरोबर केला जातो आणि त्या चहात साखर असते, एवढेच येथे नमूद करतो. सहा वर्षांची मुलगी थकलेल्या आजीच्या भरवशावर सहा महिने सोडून जाणे कोणत्या आईला सोपे वाटेल? वयात येणाऱ्या मुलीची चिंता तर वेगळीच. आणि तान्ह्या मुलाला फडाच्या बांधावर कोणी पाहायचे? तेथे पाळणाघर असते तर त्याची बहीण शाळेत गेली असती. मुलीच्या शाळेचा प्रश्न अशा रीतीने पाळण्यापाशी येऊन थांबतो. तो प्रबोधनाचा प्रश्न नाही, सोयीचा आणि पैशाचा आहे. उसाच्या टनाटनावर हिशेब ठेवणाऱ्या धंद्याने त्याचा भार उचलणे हा न्याय आहे, उपकार नव्हे.

अर्थात मुलांना आईबापांपासून वेगळे ठेवणे हे अंतिम उत्तर होऊ शकत नाही. अंतिम उत्तर गावातील पाण्यात आणि गावातील कामात आहे. १९७२च्या दुष्काळात ज्या महाराष्ट्राने रोजगार हमीचा मार्ग स्वीकारला आणि १९७७ साली त्याचा कायदा केला, त्याच महाराष्ट्रातील बालाघाटच्या माणसाला पोटासाठी कोयता हाती घेऊन पश्चिमेकडे जावे लागते, हा विरोधाभास मिटवल्याखेरीज शाळा भरणार नाहीत. पण तो मिटेपर्यंत आजच्या पहिलीतल्या मुलाने थांबावे, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

म्हणून एक साधी मागणी. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती शाळाशाळांतून साजरी होते, प्रतिमेला हार घातला जातो, मुलींच्या शिक्षणावर भाषणे होतात. ती अवश्य व्हावीत. पण दुसऱ्या दिवशी, हार सुकू लागलेला असताना, पुन्हा एकदा मोजणी व्हावी. सगळी खाती त्या दिवशी गावागावांत आणि फडाफडांवर पोहोचावीत आणि प्रत्येक मुलामागे एकच प्रश्न विचारला जावा : हे मूल आज कोणत्या शाळेत आहे? मग गावची जिल्हा परिषद आणि फडाची जिल्हा परिषद यांनी एकमेकींकडे बोट दाखवून चालणार नाही. शिक्षकांची पदे, वसतिगृहांचा निधी आणि कारखान्यांचा वाटा या आकड्यावर ठरावा. सप्टेंबरचा आकडा शासनाला सोयीचा आहे, जानेवारीचा आकडा खरा असेल.

बोटांना शाई लावायची ती त्या दिवशी लावा. बीडच्या मुलांची बोटे त्या दिवशी उसाच्या पाचटाने कापलेली सापडतील.